दहा चिंध्या

मोटारीतून उतरल्यावर कवडू कधी सरळ घरी गेला नाही. हिंगणघाटच्या प्रेसमध्ये आठवडाभर कापसाच्या गठाणी बांधून रविवारी सकाळी तो अल्लीपुरात यायचा, आणि जयवंता दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी आहे हे दिसत असूनही आधी पिंपळाकडे वळायचा. "तुमची बायको मी हाय का तो पिंपय?" असं तिनं एकदा चारचौघांत विचारलं होतं. कवडूनं तेव्हा मिशीवरून हात फिरवला होता. 

वस्तीच्या मधोमध, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या कुंपणात ते झाड उभं होतं. नागपूरहून दीक्षा घेऊन परतताना नत्थूजीनं, कवडूच्या थोरल्या भावानं, वीतभर रोप डालड्याच्या डब्यात लावून आणलं होतं. रेल्वेत बसायला जागा मिळाली तरी तो उभाच राहिला, डबा छातीशी धरून. "बसलो तं गर्दीत शेंडा मोडंल," म्हणाला. पुढच्या उन्हाळ्यात नत्थूजी गेला. झाड राहिलं, वाढलं, आणि अडीच वर्षांत मनगटाएवढं जाड झालं. येत्या चौदा एप्रिलला त्याच्याभोवती दगडी पार बांधायचा ठरला होता. पहिला दगड नत्थूजीच्या बायकोनं, तानाबाईनं बसवायचा, हेही पंचांनी ठरवलं होतं.

कवडूला ते पटलं नव्हतं. दीक्षेनंतर वस्तीतल्या साऱ्या घरांमधले देव नदीला गेले. तानाबाईच्या घरचेही गेले. पण तिच्या कोनाड्यात पांढऱ्या कापडाचं एक गाठोडं राहिलं. चुलतभाऊ चंद्रभाननं ते दारातून पाहिलं, "मरीमाय हाय त्यात, लपवून ठेवली तिनं," असं सांगितलं, आणि कवडूनं विश्वास ठेवला. तेव्हापासून, म्हणजे सव्वा वर्ष, दीर-भावजय एकमेकांशी कामापुरतं बोलत. तेही बहुतेक जयवंतामार्फत.

त्या रविवारी कुंपणाभोवती आधीच पंधरा-वीस माणसं उभी होती. चंद्रभान मध्ये होता. तो पंचांतला, आवाजही पंचासारखाच.

"ये गा कवडू, ये. पाह्य तुह्या वयनीच्या बकरीनं काय केलं ते."

कवडूनं पाहिलं. फाल्गुन उतरणीला लागला होता. मारुतीच्या देवळामागचा जुना पिंपळ तांबूस पालवीनं नुसता चमचमत होता. या पोराला मात्र पालवी फुटली ती अर्ध्या तळहाताएवढी, फिकट, टोकाला करपलेली. गुडघ्याच्या उंचीवर खोडाचा गेरू-चुना सुटला होता आणि त्याखाली साल आडवी फाटून ओठासारखी वर उचलली होती.

"परवा मी डोयानं पाह्यलं," चंद्रभान म्हणाला. "तानाबाईची बकरी कुंपणात घुसून पानं खाऊन राह्यली होती. मी हाकललं. सालही तिनंच सोलली. दुसरं कोण?"

"झाड गेलं म्हणा," कोणीतरी म्हणालं. "गोल सोललं का झाड राहात नसते."

"मंग उपटा ना. पाराच्या आधी नवं रोप आणू. वर्ध्याले भेटते."

कवडूच्या डोक्यात सणक गेली. उपटा हा शब्द त्यानं भावाच्या झाडाबद्दल पहिल्यांदा ऐकला, आणि राग यायचा तो म्हणणाऱ्याचा सोडून भावजयीचा आला.

"एक बकरी सांभाळता येत नाई तिले," तो मोठ्यानं म्हणाला. "घरात काय सांभाळते ते माहीतच हाय."

तो हे म्हणाला तेव्हा तानाबाई त्याच्या मागेच उभी होती. हातात बकरीचं दावं. ती चांदी नावाची बकरी, कपाळावर पांढरा ठिपका असलेली, कुंपणाची पऱ्हाटी ओढून चघळायला लागली होती.

"जयभीम, भाऊजी," तानाबाई म्हणाली. दावं तिनं जयवंताच्या हातात दिलं, लुगडं सावरलं आणि कुंपणातून आत जाऊन झाडापाशी उकिडवी बसली.

तिनं आधी हात लावला नाही. नुसतं पाहिलं, खालून वर, मग पलीकडे सरकून पुन्हा खालून वर. कवडू वाट पाहत होता की ती रडेल, किंवा बकरीची बाजू घेऊन भांडेल.

"चंद्रभान," ती म्हणाली, "बकरीचं तोंड उघडून पाह्यलं का कधी?"

"मी काऊन पाहू?"

"तिले समोर वरतं दात नसते. खालचेच असते. ते साल सोलते तं खालून वर ओढते, अन् उभे ओरखाडे पडते. हे आडवं हाय. गोल. आखल्यावानी."

कमला खुदकन हसली आणि तिनं सरळ जाऊन चांदीचा ओठ वर केला. कमला कवडूची मुलगी, वर्ध्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला होती, आणि सुट्टीत घरी आली की जे दिसेल ते तपासत सुटायची. "खरंच नाई वो मोठीमाय! वरतं नुसती हिरडी हाय!" दोघी-तिघी बाया पुढे वाकून पाहू लागल्या. चांदीनं कमलाचं बोट चावायचा प्रयत्न केला.

तेवढ्यात तानाबाईनं अंगठ्याच्या नखानं चुन्याचा पापुद्रा उकरला. सालीच्या फटीत नख घातलं, हलवलं, थांबली. मग दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी धरून तिनं हळूहळू ओढलं. गंजून तुटलेली लोखंडी पट्टी, अर्धा बोट रुंद. एका टोकाला चपटी कडी. खोडात रुतून बसलेली ती सालीच्या तुकड्यांसकट निघाली.

कुंपणाच्या त्या बाजूला फक्त कवडू उभा होता. त्यानं कडी ओळखली. ओळखायला क्षणही लागला नाही. तशा कड्या तो दिवसाला शे-दीडशे दाबून बसवत होता.

गेल्या जयंतीला निळा झेंडा सगळ्या गावाला दिसावा म्हणून त्यानं प्रेसमधून गठाणीची पट्टी आणली होती. झाडाच्या अंगठ्याएवढ्या खोडाला आधी पट्टीचा वेढा आवळला, मग त्या वेढ्याला उंच बांबू बांधला. सुतळी सैल पडते, पट्टी पडत नाही, हा त्याचा अभिमान होता. पावसाळ्यात बांबू कुजला, तो त्यानं कापून टाकला. पट्टी गंजून घट्ट बसली होती. निघेल कधीतरी आपोआप, म्हणून तशीच राहिली. दसऱ्याच्या आधी झाडाला गेरू-चुना लावायला घेतला तेव्हा कुंचला त्याच्याच हातात होता, आणि पट्टीवरून तो फिरवताना त्याला काहीही आठवलं नव्हतं. झाड मात्र रोज थोडं जाड होत होतं.

तानाबाईनं एकदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टी दुमडली आणि लुगड्याच्या ओच्यात सारली. कुंपणाबाहेरच्या कोणालाही ती दिसली नाही.

"काय भेटलं?" चंद्रभाननं विचारलं.

"मेलेली साल," ती म्हणाली आणि उठली. "झाड उपटाचं नाई. जिंदं हाय. उत्तरेकडे दोन बोटं साल अजून हिरवी हाय, त्याच्यावरच जगून राह्यलं. दुपारच्या आत बांधावं लागंल. तुमची काय बैठक असंल ते संध्याकाळी घ्या."

"काय बांधशील?"

"पूल," तानाबाई म्हणाली, आणि घराकडे गेली.

परत आली तेव्हा तिच्या हातात ते गाठोडं होतं. कोनाड्यातलं, पांढरं. माणसं आपोआप बाजूला झाली. एका म्हातारीचा हात तर जुन्या सवयीनं कपाळाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. तानाबाईनं सगळ्यांसमोर जमिनीवर गाठ सोडली. आत एक वाकड्या टोकाचा चाकू होता, मूठ हातानं झिजून पातळ झालेली, आणि एक चपटा धार लावायचा दगड. दुसरं काही नव्हतं.

"हे काय?" चंद्रभान म्हणाला.

"माह्या बापाचा चाकू. तो आष्टीकडे एका मालगुजाराच्या बागेत होता. संत्र्याच्या कलमाचे डोये बांधे. मी दहा वर्षाची होतो तवापासून त्याच्या हाताखाली."

"अन् हे सांगितलं काऊन नाई इतके दिवस?"

"विचारलं का तुमी?"

कवडू जमिनीकडे पाहत होता. चाकूभोवतीचं ते कापड त्यानं ओळखलं. बारीक निळ्या काठाचं पांढरं धोतर. दीक्षेच्या दिवशी नत्थूजीनं नेसलेलं.

पुढचा दीड तास कवडू आयुष्यभर विसरला नाही.

"भाऊजी," तानाबाईनं सव्वा वर्षानंतर त्याला पहिलं काम सांगितलं, "खोड वरतून धरा. हलू देऊ नका. मी सांगीन तवाच श्वास सोडा."

त्यानं दोन्ही हातांनी खोड धरलं. तिनं दगडावर चाकू फिरवला, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली, आणि जखमेच्या कडा तासायला घेतल्या. काळी, मेलेली साल ती सालपटासारखी काढत गेली आणि चाकूला हिरवं लागलं की तिथंच थांबली. उत्तरेकडची ती दोन बोटं सोडून खोडाभोवती उघडं लाकूड राहिलं. कमलानं फूटपट्टी लावून मोजलं: चार इंच.

"वरतं बघा, सुजलं हाय," कमला म्हणाली. जखमेच्या वर खोड खरंच फुगलं होतं, खालच्यापेक्षा जवळजवळ दीडपट. "पानं अन्न तयार करते, अन् ते सालीतून खाली मुळायले जाते. रस्ता बंद झाला म्हणून वरतंच साचलं. असंच ना मोठीमाय?"

"तुह्या पुस्तकात असंल तसं. माहा बाप म्हणे, वरचा जेवून राह्यला, खालचा उपाशी हाय. खालचा मेला का मंग वरचाही जाते."

"मंग दोन्ही एकच!"

"एकच असंल. झाड दोन कायले राह्यते?"

मग तिनं जखमेच्या खालून, बुडापाशी फुटलेले फुटवे निवडले. कवडूला आठवलं, गेल्या पोळ्याला तो हे फुटवे छाटायला निघाला होता, झाड सरळ दिसावं म्हणून. तेव्हा तिनं जयवंताच्या हाती निरोप पाठवला होता: राहू द्या, कामी पडंल. त्याला तो निरोप म्हणजे उगाच आडवं येणं वाटलं होतं. आता तिनं त्यांतले पाच घेतले, पेन्सिलीएवढे, ज्यांवरचे डोळे अजून मिटलेले होते ते. काप पडताच पांढरा चीक आला. चीक थांबेपर्यंत तिनं टोकं पाण्याच्या वाटीत बुडवून धरली, कोरड्या कापडानं पुसली, पुन्हा बुडवली. घाई नव्हती, पण एकही हालचाल रिकामी नव्हती. एक हात पुसत असताना दुसरा पुढची काडी निवडत होता.

काडीची दोन्ही टोकं तिनं एका एका कापात तिरपी तासली. दुसऱ्यांदा चाकू लावला नाही. मग जखमेच्या वर आणि खाली जिवंत सालीला उभी चीर दिली आणि चाकूच्या मुठीनं साल हलकेच उचलली. आत ओलसर, निसरडं, हिरवट पांढरं काहीतरी चमकलं. कमला श्वास रोखून वाकली.

"हात नोको लावू. हेच ते. झाडाचा जीव एवढाच असते, कागदाएवढा. लाकूड तं नुसतं उभं राहाले हाय."

"काडी उलटी लावली तं?"

"तुले उलटं टांगलं तं जेवशील का?"

खालचं टोक खाली, वरचं वर. प्रत्येक काडी जखमेपेक्षा चार बोटं लांब, म्हणून दोन्ही टोकं सालीखाली सरकवल्यावर मधली काडी धनुष्यासारखी थोडी बाहेर वाकली. "वाऱ्यानं झाड हललं तं ताण काडीवर नाई पडला पाह्यजे," तानाबाई म्हणाली. "सरळ बसवली का पहिल्या वावटयीत निघते."

मग तिनं नत्थूजीचं धोतर हातात घेतलं आणि टर्रकन फाडलं.

"वयनी!" कवडूच्या तोंडून निघून गेलं. "ते दादाचं..."

"जुनं हाय म्हणूनच घेतलं. नवं कापड सालीले काचते." तिनं दुसरी चिंधी फाडली. "अन् तुमच्या दादाले इचारलं असतं तं त्यानं सारंच फाडून देल्लं असतं. खोड धरा."

तिनं बांधायला घेतलं, आणि इथं कवडूनं खरं पाहिलं, कारण बांधणं हा त्याचा स्वतःचा धंदा होता. प्रेसमध्ये तो गठाणीला पट्टी आवळायचा. जितकी आवळली तितकी चांगली. मुकादम त्याच्या गठाणींवर टिचकी मारून आवाज ऐकायचा. तानाबाईनं चिंधी ओढली, काडीचं टोक सालीत घट्ट बसलं, आणि मग गाठ मारण्याआधी तिनं करंगळीचं नख चिंधीखाली घालून पाहिलं. जाईल न जाईल इतपत. तेवढं ठेवून गाठ मारली. वर एक, खाली एक. दुसऱ्या काडीला तसंच. दर वेळी नख. एकदा नख गेलं नाही तेव्हा तिनं मारलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पंचवीस वर्षं गठाणी बांधणाऱ्या कवडूच्या डोक्यात हे कधी आलं नव्हतं की आवळताना जागाही ठेवायची असते, कारण गठाण वाढत नाही आणि झाड वाढतं.

तो तिच्या कानाजवळ वाकला. "वयनी, ते पट्टी..."

"आता बोलू नका. चीक निघून राह्यला."

पाच काड्या, दहा चिंध्या. त्यावर जयवंतानं मळून दिलेली काळी माती आणि शेण. वरून तट्ट्याची सावली. चंद्रभान एवढा वेळ बाजूला उभा राहून पाहत होता; त्याच्यानं राहवलं नाही. "पाच काड्या! म्हणजे पंचशील झालं म्हणा!"

"जागा पाचाची होती," तानाबाई हात धूत म्हणाली. "चारची असती तं चारच लावल्या असत्या."

सहा वाजता समाजमंदिराच्या ओसरीवर बैठक बसली. ऊन उतरलं होतं, पण फरशी अजून पायाला भाजत होती. बाया एका अंगाला, माणसं एका अंगाला. चंद्रभाननं सुरुवात केली.

"तानाबाईनं मेहनत केली, कोणी नाई म्हणत नाई. झाड जगलं तं चांगलंच हाय. पण चूक ते चूक. बकरी तिची, कुंपणात तीच घुसली. दाताचं काय, तिचं ती म्हणते. मंग साल गोल कापली कोणी? भुतानं?" माणसं हसली. "माहं म्हणणं, बकरी इकाव. अन् ज्याच्या जनावरानं झाडाले धक्का लावला त्याच्या हातानं पाराचा पहिला दगड नोको. लोक काय म्हणतीन? दगड कवडूनं बसवाव. भाऊच हाय तो नत्थूचा. झेंड्याचं कामही तोच पाह्यते."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. कवडूला आपल्या पायांखालची फरशी जास्तच गरम वाटू लागली. हा दगड त्याला हवा होता. गेले सहा महिने मनात तो तोच दगड बसवत होता. चुन्याचा गिलावा, त्यावर टेकवलेला हात, बाजूला उभी वस्ती. आता कोणी न मागता ते त्याच्या ओंजळीत टाकत होतं, आणि त्यानं फक्त गप्प बसायचं होतं.

त्यानं बायांकडे पाहिलं. तानाबाई भिंतीला टेकून बसली होती, तळहातावरचा वाळलेला चीक नखानं काढत. तिच्या ओच्याला एका ठिकाणी कडक कोपरा आला होता. तिनं त्यावर हात ठेवला नाही की तिकडे पाहिलं नाही. आपण बोललो नाही तर ही आज बोलणार नाही, उद्या नाही, कधीच नाही, हे कवडूला कळलं. ती बकरी विकेल, दगड सोडेल, आणि रोज सकाळी झाडाला पाणी घालायला येईल.

"तानाबाई, तुले काय म्हणाचं हाय?" चंद्रभाननं विचारलं.

"काई नाई. बकरीनं पानं खाल्ली ते खरं हाय."

कवडू उभा राहिला.

"साल बकरीनं नाई कापली," तो म्हणाला. "मी कापली. गठाणीची पट्टी होती. गेल्या जयंतीले झेंड्यासाठी मीच आवळली, अन् काढाची राह्यली. दसऱ्याले वरतून चुनाही मीच मारला. ते पट्टी वयनीच्या ओच्यात हाय."

तानाबाई तशीच बसून होती.

"काढा वयनी."

ती हलली नाही.

"काढ ना वो बाई," जयवंता म्हणाली. "आता तो सोताच बोलला तं कोणाची लाज राखतं?"

तानाबाईनं पट्टी काढून फरशीवर ठेवली. खण्ण आवाज झाला. चंद्रभाननं ती उचलली, कडी उलटसुलट पाहिली, आणि कवडूकडे पाहिलं.  

"सकाईच काऊन नाई दाखवली?" शेवटी त्यानं तानाबाईलाच विचारलं.

"सकाई दाखवली असती तं तुमी सारे दुपारपावतर भांडत बसले असते. उघडं लाकूड उन्हात किती टाइम राह्यते?"

"अन् आता? आता तं झाड बांधून झालं होतं."

"आता सांगाचं काम माहं नोहतं," तानाबाई म्हणाली.

कमला बापाकडे पाहत होती. सकाळपासून तिनं सगळ्याचं मोजमाप केलं होतं, पण या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते कवडूनं तिच्या लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. त्याला ते सहन होईना. तो चंद्रभानकडे वळला. "दगड वयनीच बसवंल. मी झेंड्याचं काम सोडतो. अन् त्या गाठोड्याचं जे मी सव्वा वर्ष बोललो..."

"ते तं चंद्रभाननं सांगितलं होतं," जयवंता मध्येच म्हणाली.

"मले दुरून तसंच दिसलं बाप्पा!" चंद्रभान ओरडला, आणि आता मात्र बाया मोठ्यानं हसल्या.

"झेंड्याचं सोडू नका," तानाबाई म्हणाली. "बांबू जमिनीत गाडा म्हणजे झालं. अन् दगड कोणीच बसवू नका यंदा. मुळायले खालून खायले नाई, अन् तुमी वरतून पार दाबता. झाड मोठं होऊ द्या. दगड काय पयून जाते?"

पंचांना हे ऐकून घ्यावं लागलं. चौदा एप्रिलला पार झाला नाही. जमिनीत गाडलेल्या बांबूवर झेंडा लागला, आणि पिंपळापाशी मेणबत्त्या लावणाऱ्यांना कमला दोन हात लांब थांबवत होती.

वैशाखात एका रविवारी कवडू मोटारीतून उतरला तेव्हा तानाबाई झाडापाशी त्याची वाटच पाहत होती. तिनं माती उकरून काढली होती. पानं आता हिरवी, लांब देठावर लटकल्यासारखी सळसळत होती. पाचातल्या चार काड्यांवर एकेक कोवळा कोंब उभा होता. पाचवी सुकून काळी पडली होती.

"पाचवी सुकली," चंद्रभान कुंपणापलीकडून म्हणाला. "पाह्य गा, एक शील मोडलं."

"पाचवं म्हणजे दारूचं," तानाबाई म्हणाली. "तुहंच हाय ते."

चंद्रभान खोकत निघून गेला. तानाबाईनं बापाचा चाकू कवडूच्या हातात ठेवला, मूठ त्याच्याकडे करून.

"आता चिंध्या कापा. साल जुडली. आता राह्यल्या तं त्याच काचतीन."

"मी?"

"तुमचे हात बांधाले पक्के हाय. सोडालेही शिका."

तो उकिडवा बसला. प्रत्येक चिंधीखाली करंगळीचं नख घालून पाहिलं. आता जात नव्हतं, झाड तेवढ्यात भरलं होतं. गाठीच्या उलट बाजूला, लाकडापासून दूर, त्यानं चाकूचं टोक हलकेच लावलं. चिंधी सुटली. खाली सालीवर निळ्या काठाच्या कापडाचा पुसट ठसा, आणि काडी आणि खोड यांच्यामध्ये कुठे सांधा होता ते शोधावं लागावं इतकं एक झालेलं. त्यानं अंगठा फिरवला. मग दुसरी. तिसरी. सुकलेल्या काडीच्याही दोन्ही सोडल्या.

सोडलेल्या चिंध्या त्यानं गुडघ्यावर एकेक मांडल्या होत्या. उठायच्या आधी त्या मोजल्या. नऊ.

जयवंता दारात तांब्या घेऊन उभी होती. "चाय थंडी होऊन राह्यली," ती ओरडली.

"थांब," कवडू म्हणाला, आणि पुन्हा मोजल्या. नऊच. तो झाडाच्या पलीकडे गेला, गुडघ्यांवर बसला, मग जवळजवळ आडवा झाला. खालच्या अंगाला मातीचं एक ढेकूळ खोडाला चिकटून राहिलं होतं. त्यानं ते नखानं उकरलं, अगदी सावकाश, एकेक कण. आत पांढरं दिसलं.

तानाबाई केव्हाच घरी गेली होती. कोणी पाहत नव्हतं. कवडूनं चाकूचं टोक त्या दहाव्या चिंधीला लावलं.